पहिला तास शेजाऱ्याचा

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. ‘संभाव्य आपत्तीच्या मुकाबल्यासाठी प्रशासन सज्ज.’ सोबत छायाचित्र असते. सरकारी कार्यालयाच्या आवारात मांडून ठेवलेल्या रबरी बोटी, नारिंगी रंगाची जीवरक्षक जॅकेट्स, दोरखंडांची वेटोळी आणि त्यांच्याकडे समाधानाने पाहणारे अधिकारी. बातमी वाचून आपण पान उलटतो. सज्ज व्हायचे ते प्रशासनाने. आपण संकटात सापडायचे आणि त्यांनी येऊन आपल्याला सोडवायचे, अशी वाटणी आपण मनोमन मान्य करून टाकली आहे. ‘रहिवासी सज्ज’ अशी बातमी मात्र माझ्या वाचनात आजवर आलेली नाही.

बोटी असू नयेत असे मी म्हणत नाही. त्या हव्यातच. पण माझी उमेदीची सारी वर्षे बँकेत गेली, आणि बँकेच्या माणसाला एक खोड असते. कोणी ‘व्यवस्था आहे’ म्हटले की तो विचारतो, ‘हिशेब दाखवा.’ आपत्तीच्या बाबतीत हा हिशेब पैशांचा नसतो, वेळेचा असतो. दरड कोसळल्यापासून, भिंत पडल्यापासून, पाणी उंबऱ्याला लागल्यापासून पहिला सरकारी माणूस पोचेपर्यंत किती तास जातात? आणि त्या तासांत तुमच्याजवळ कोण असते?

तळिये आठवून पाहा. महाड तालुक्यातल्या या गावावर २२ जुलै २०२१ रोजी संध्याकाळच्या सुमारास डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी महाड पाण्याखाली होते, चिपळूण पाण्याखाली होते, रस्ते तुटलेले होते. बचाव पथके प्रत्यक्ष जागेवर पोचायला दुसरा दिवस उजाडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याकडची बटालियन पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ आहे. जवान कसलेले आहेत, निष्ठेने काम करतात. पण घाट बंद झाला की तेही माणसेच. उडून येऊ शकत नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गडाच्या पोटाशी वसलेली ठाकरांची वाडी. वर जायला गाडीरस्ता नाही. चिखलातून, पावसातून, अंधारातून पायी चढायचे. मातीखालची माणसे काढायला यंत्र नेता येईना, तेव्हा कुदळ-फावड्याने उकरावे लागले. सत्तावीस मृतदेह हाती लागले, पन्नासच्यावर माणसे मातीतच राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. पहिली हाक खाली कशी पोचली? वाडीतली काही पोरे शाळेच्या खोलीत बसली होती, ती वाचली आणि त्यांनी आवाज दिला म्हणून. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणचीही अशीच कहाणी. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अख्खे गाव गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली, आणि बाहेरच्या जगाला ते प्रथम कळले ते एस.टी.च्या चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर रोजचे गाव त्याला दिसेना.

सांगायचा मुद्दा असा की पहिला तास सरकारचा नसतोच. तो शेजाऱ्याचा असतो. हे केवळ आपल्याकडच्या गरिबीमुळे किंवा खराब रस्त्यांमुळे होते असेही नाही. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमधल्या कोबे शहरात मोठा भूकंप झाला. जपानइतकी यंत्रणा जगात क्वचितच कुठे असेल. तरीही कोसळलेल्या घरांखालून जिवंत निघालेल्या लोकांपैकी बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. त्यातून तिथल्या लोकांनी धडा घेतला आणि वस्तीवस्तीत रहिवाशांच्या संघटना उभ्या केल्या. आपण त्याआधी सव्वा वर्ष, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी पाहिली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसे गाढ झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे त्यांच्या अंगावर आले. तिथेही पहिल्या उजेडात हातांनी माती उपसणारी माणसे त्याच गावची, त्याच गल्लीची होती.

म्हणजे शेजारधर्म आपल्याकडे आहे. तो शिकवावा लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले, चहा दिला, कोरडे कपडे दिले. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, सांगाव्यातही. पण या अभिमानात एक धोका दडलेला आहे. धाडस आणि तयारी या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात काय झाले ते आठवा. कृष्णेच्या पुराने गावाला वेढा घातला होता. लोकांना बाहेर काढायला गावातलीच बोट होती, गावातलीच माणसे पुढे झाली. हेतू चांगला, धाडस अपार. पण बोटीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसे बसली आणि ती उलटली. बायका, मुले, म्हातारी माणसे डोळ्यांदेखत गेली. बोटीत किती माणसे बसवायची, आधी कोणी जायचे, जॅकेट असल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, हे पाणी गळ्याशी आल्यावर ठरत नसते. त्या वेळी प्रत्येकाला आपले मूल आधी चढवायचे असते, आणि तसे वाटणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही. हे उन्हाळ्यात, देवळाच्या पारावर बसून, शांत डोक्याने ठरवून ठेवायचे असते.

बँकिंगमध्ये ‘तरतूद’ नावाचा एक शब्द आहे. कर्ज बुडाले नसले तरी ते बुडू शकते हे गृहीत धरून नफ्यातून काही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवायची. नव्या उमेदवारांना ही कल्पना पचायला जड जाते. ‘साहेब, अजून बुडालेच नाही, मग आधीच कशाला?’ असे ते विचारत. उत्तर सोपे असे: बुडाल्यावर करतात तिला तरतूद म्हणत नाहीत, तोटा म्हणतात. बँकेतली आणखी एक पद्धत मला नेहमी शहाणपणाची वाटत आली. तिजोरीच्या चाव्या कधी एका माणसाकडे नसतात, दोघांकडे असतात. आणि त्यांचा दुसरा जोड त्याच इमारतीत न ठेवता दुसऱ्या शाखेत ठेवतात. कारण उघड आहे. ज्या संकटात पहिला जोड हरवेल, त्याच संकटात दुसराही हरवला तर तो असून उपयोग काय?

तयारी म्हणजे काय, हे मला कोणत्याही परिपत्रकापेक्षा एका शिपायाने जास्त चांगले शिकवले. कृष्णाकाठच्या एका गावात मी शाखाधिकारी होतो. सारे त्यांना मामा म्हणत. २००५ च्या पावसाळ्यात नदी चढू लागली तशी आम्ही पुढच्या दारात वाळूची पोती रचायला घेतली. मामा म्हणाले, ‘साहेब, पाणी पुढनं येत नाही. मागच्या मोरीतनं उलटं येतं. मोरीत बुडबुडं आलं की समजा, तीन तास हातात हायत.’ पोती आम्ही मागे हलवली, आणि मोरीवर नजर ठेवायला एक माणूस बसवला. बुडबुडे आले. तीन तासांत कर्जाची कागदपत्रे, ठेवींची रजिस्टरे, सारे वरच्या मजल्यावर गेले. पुढे मामांची निवृत्ती जवळ आली तेव्हा माझ्या ध्यानात आले की शाखेतल्या प्रत्येक खुर्चीची नोंद हस्तांतराच्या यादीत आहे, पण मामांना जे ठाऊक आहे त्याची कुठेच नाही. त्यांना समोर बसवून मी ते दोन पानांत उतरवून घेतले आणि फायलीला लावले. माझ्या नोकरीतल्या लिखाणापैकी ती दोन पाने सर्वांत उपयोगी असावीत असे मला आजही वाटते.

प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत असे एक मामा असतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती फुटांवर गेली हे पावसाळ्यात घराघरात विचारले जाते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. अमुक फुटाला कोणत्या भागात पाणी शिरते हे जुन्या सांगलीकरांना तोंडपाठ असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी अशीच विचारली जाते. तिथे एकोणचाळीसला इशारा आणि त्रेचाळीसला धोका. हे खरे स्थानिक ज्ञान. सरकारी आकडा आणि आपल्या दाराची पायरी यांच्यातले नाते ज्याला कळले, त्याला ‘सतर्क राहा’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र आठवणीवर सर्वस्वी विसंबणेही घातक ठरते. २०१९ च्या पुरात अनेक कुटुंबे घरातच थांबली, कारण ‘२००५ ला पाणी या खुणेपर्यंत आले होते, यापेक्षा वर येत नाही’ असा त्यांचा अनुभव होता. पाणी त्या खुणेच्या वर गेले. भिंतीवरची जुनी खूण म्हणजे पाण्याने दिलेले वचन नव्हे. पाऊस पडण्याची रीत बदलते आहे. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो आहे. नदीपात्रात गाळ साठला आहे, काठावर भराव पडले आहेत. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही नव्हती. म्हणजे यादीवर विसंबावे तर यादी अपुरी, आठवणीवर विसंबावे तर आठवण जुनी. म्हणून मामांचे ज्ञान आणि वेधशाळेचा इशारा, दोन्ही एकमेकांसमोर ठेवून पडताळावे लागते, आणि हा पडताळा दरवर्षी नव्याने करावा लागतो. बँकेत ताळेबंद दरसाल होतो, तसाच.

इथवर मी निसर्गाच्या संकटांबद्दल बोललो. माणसाने ओढवून घेतलेल्या संकटांचे काय? नदीची पातळी निदान पुलावरून दिसते. शेजारच्या कारखान्याच्या टाकीत काय भरले आहे, हे भिंतीपलीकडे राहणाऱ्याला कसे दिसावे? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला. बारा जण गेले, दीडशेच्या आसपास जखमी झाले. जवळजवळ बरोबर आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळा दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. माणसे गॅलरीत आली. धूर पाहत उभी राहिली. आत जावे की बाहेर पळावे, खिडक्या उघडाव्यात की लावाव्यात, हे त्यांना कोण सांगणार होते?

या अज्ञानाची किंमत भोपाळने मोजली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो लोक घरातून बाहेर पडून धावत सुटले, त्यातले कित्येक वारा ज्या बाजूला वाहत होता त्याच बाजूला. ओले फडके नाकातोंडाशी धरा, वाऱ्याला आडवे जा, एवढी दोन वाक्ये त्यांना आधी कोणी सांगितलेली नव्हती. आणि त्याच रात्री भोपाळ स्थानकावर गुलाम दस्तगीर नावाचे उपस्टेशन अधीक्षक होते. काहीतरी भयंकर घडते आहे हे ओळखून त्यांनी फलाटावर उभी असलेली गोरखपूर-मुंबई गाडी वरच्या हुकमाची वाट न पाहता वेळेआधीच सोडून दिली. गाडीतले शेकडो लोक वाचले. दस्तगीर स्वतः मात्र त्या वायूने आयुष्यभरासाठी पोळले. योग्य जागी, योग्य वेळी असलेला एक जाणता माणूस काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण माझ्यापाशी नाही.

भोपाळनंतर आपल्याकडे कायदे झाले, आणि ते कागदावर तरी उत्तम आहेत. घातक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार, मोठा अपघात झाल्यास ज्यांना झळ पोचू शकते अशा आसपासच्या लोकांना धोक्याचे स्वरूप काय आणि त्या वेळी काय करायचे, काय टाळायचे, हे कारखानदाराने आधी कळवायचे असते. कारखान्याबाहेरच्या परिसरासाठी आराखडा करायचा असतो आणि त्याची वर्षातून एकदा तरी तालीम घ्यायची असते. १९९६ च्या नियमांनी औद्योगिक क्षेत्रांसाठी स्थानिक संकट निवारण गट नेमायला सांगितले. त्यात सरपंच, डॉक्टर, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक अशा लोकांनाही जागा ठेवली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा सक्तीचा केला. आता वाचकांनी स्वतःलाच विचारावे. तुमच्या घरापासून दोन किलोमीटरवर कारखाना असेल, तर ही माहिती देणारा एखादा कागद तुमच्या दारात कधी आला आहे काय? तुमच्या भागातल्या त्या गटात कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? आराखडे आहेत. ते कपाटात आहेत. आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे, तो आपत्तीच्या वेळी तुमच्या शेजारी असणार नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. ‘नागरिकांनी सज्ज राहावे’ हे वाक्य सरकारला फार सोयीचे आहे. अपघात झाला की ‘लोकांमध्ये जागरूकता नाही’ असे म्हणून हात झटकता येतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला आणि सतरा माणसे गेली. वादळात आडोसा शोधणाऱ्या त्या माणसांनी कोणती तयारी करायला हवी होती? त्या आकाराचा फलक तिथे उभा राहू न देणे ही रहिवाशाची जबाबदारी नव्हती. इर्शाळवाडीच्या ठाकरांनी कड्याखाली घरे बांधली ती हौसेने नव्हे. धोका निर्माण करणाऱ्याची आणि तो रोखण्यासाठी पगार घेणाऱ्याची जबाबदारी रहिवाशांच्या गळ्यात घालण्याला तयारी म्हणत नाहीत. उलट, तयार असलेला रहिवासी जास्त प्रश्न विचारतो. टाकीत काय आहे, नाल्यातला गाळ कधी काढला, फलकाला परवानगी कोणाची, हे तोच विचारतो. म्हणूनच कदाचित आपल्याकडे बोटींचे प्रदर्शन दरवर्षी होते आणि रहिवाशांचे प्रशिक्षण मात्र क्वचित होते.

पण प्रशिक्षण दिले तर काय होते, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ ला महाचक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा हजार माणसे मेली. पुढची चौदा वर्षे त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावात स्वयंसेवक तयार केले, दरवर्षी तालमी घेतल्या. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन हे तसेच भयंकर वादळ आले. त्याआधी जवळजवळ दहा लाख लोकांना हलवले गेले, आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. वाऱ्याचा जोर काही दयाळू झाला नव्हता. घर सोडून कुठे जायचे, म्हातारीला कोण उचलणार, गुरांचे दावे कोण सोडणार, हे माणसांना आधीच ठाऊक होते. २०२० मध्ये ओडिशातल्या व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन किनारी गावांना युनेस्कोने ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली. मच्छिमारांची साधी गावे आहेत ती.

आणि ओडिशाकडे तरी कशाला जायचे? किल्लारीनंतर पुनर्वसनाचे जे मोठे काम उभे राहिले, त्यात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. भिंतीत आरपार जाणारा दगड का घालायचा, छताचे ओझे का कमी करायचे, चारी भिंतींना बांधणारा पट्टा कुठे ओतायचा, हे त्यांनी घरोघर समजावून सांगितले. नववारीतल्या बायका गवंड्याला ‘इथं पट्टा का नाही?’ म्हणून अडवू लागल्या. आपत्ती निवारणाचा खरा आराखडा तो. तो कपाटात मावत नाही.

मग आपण, रविवारी सकाळी चहाबरोबर हे वाचणाऱ्यांनी, काय करायचे? नवी समिती, नवी संस्था काढू नये असेच मी म्हणेन. आपल्याकडे जे आहे तेच वापरावे. गावात १ मेला ग्रामसभा भरते. पावसाळ्याच्या तोंडावरचा याहून चांगला दिवस कोणता? त्या दिवशी विषयपत्रिकेवर एक विषय कायमचा घालावा: यंदा पाणी आले, दरड आली, आग लागली तर कोणी काय करायचे. गावातल्या म्हाताऱ्यांना त्या दिवशी बोलते करावे आणि शाळेतल्या मुलांनी ते लिहून घ्यावे. कुठला ओढा आधी फुगतो, कुठल्या उतारावर यंदा नवी भेग दिसली, कुठल्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले. यातले बरेच भूगर्भशास्त्रज्ञालाही उपयोगी पडेल.

शहरात गणेशोत्सव मंडळे आहेत. त्यांच्याकडे कार्यकर्त्यांची यादी असते, दोरखंड असतात, जनित्र असते, ध्वनिक्षेपक असतो, आणि लाखोंची गर्दी शिस्तीत पुढे सरकवण्याचा अनुभव असतो. एवढी तयार फौज वर्षाचे दहा दिवस वापरून उरलेले दिवस मोकळी सोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. मंडळाच्या वीस पोरांना अग्निशमन दलाकडून दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, तर त्या पेठेचा पहिला तास बदलून जाईल. अशा प्रशिक्षणासाठी ‘आपदा मित्र’ ही सरकारी योजना २०१६ पासून आहे. तिचा लाभ आपण होऊन मागितला पाहिजे.

आणि सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक रविवारची दुपार पुरेशी आहे. जिन्यातले लाल अग्निशमन यंत्र भिंतीवरून खाली घ्यावे. त्याची भरण्याची तारीख पाहावी. खिळ ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, मग दांडा दाबायचा, हे प्रत्येक घरातल्या एकाने तरी हाताळून पाहावे. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, आणि असल्यास किल्ली कोणाकडे, हे विचारावे. कोणत्या मजल्यावर कोण आजी-आजोबा जिना उतरू शकत नाहीत, कोणाच्या घरी दिवसा लहान मूल एकटे असते, कोणाचा प्राणवायूचा यंत्रणेवर आधार आहे, याची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे त्यांना उचलून आणणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. दोघांची, तिजोरीच्या चाव्यांसारखी, म्हणजे एक गावाला गेला असेल तर दुसरा असेल. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व संकटांसाठीचा ११२ हे क्रमांक लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरांत लावावेत. आधार कार्ड, घराचे कागद, विम्याच्या पॉलिसी, पासबुके यांच्या प्रती दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवाव्यात. पुरानंतर चिखलाने माखलेल्या कागदांचा लगदा हातात घेऊन काउंटरशी उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. घर वाहून गेल्याचे दुःख एक, आणि ते घर आपले होते हे सिद्ध करण्याची धडपड दुसरी.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. आपल्या राज्यातही अनेक शहरांत भोंगे वाजले. त्या संध्याकाळी आमच्या चौकात मी उभा होतो. निम्मे लोक मोबाइलवर भोंग्याचे चित्रीकरण करत होते. चढ-उतार होणारा आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी सलग आवाज म्हणजे धोका टळला, हे ठाऊक असलेला एकच गृहस्थ भेटला. तो १९७१ च्या युद्धात वॉर्डन होता. वय ऐंशीच्या पुढे. उरलेल्यांना आवाज ऐकू आला, अर्थ कळला नाही. २०२३ साली आपल्या सर्वांच्या मोबाइलवर सरकारी इशाऱ्याची चाचणी झाली, तेव्हाही साऱ्या घरांत एकदम किंकाळीसारखा आवाज झाला आणि आपण तो बंद करून मोकळे झालो. इशारा देण्याचे तंत्र आता आपल्या खिशात आले आहे. इशारा मिळाल्यावर पुढचे पाऊल कोणते, हे कोणत्याही यंत्राला आपल्यासाठी ठरवता येणार नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. आदल्या रात्रभर जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटले आणि पुण्यात पाणी दिवसाउजेडी शिरले. त्या काही तासांनी किती जीव वाचवले याची मोजदाद कोणी करू शकणार नाही. पण धरण धोक्यात आहे ही खबर नदीकाठच्या पेठांना आदल्या रात्रीच नीट मिळाली असती, आणि ती मिळाल्यावर काय करायचे हे त्यांना ठाऊक असते, तर माणसे गेली ती आणि संसार वाहून गेले तेही कितीतरी वाचले असते. आता या घटनेला साठ वर्षे उलटून गेली. धरणे वाढली, कारखाने वाढले, इमारती उंच झाल्या. आपल्या मजल्यावरच्या समोरच्या घरात किती माणसे राहतात आणि त्यातल्या कोणाला जिना उतरता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे का? आज रविवार आहे. संध्याकाळी दार ठोठावून एवढे विचारून यायला हरकत नाही.